डॅशबोर्डवरची सुपारी

मोरेश्वर चुरी नव्या गाडीत बसले की आधी खिशातून एक अख्खी सुपारी काढायचे आणि डॅशबोर्डवर मधोमध, तिच्या सपाट बुडावर उभी करायचे. मग शोरूमच्या माणसाला म्हणायचे, "चला, घ्या फाटकावरून." तो माणूस मुंबईहून टाय बांधून आलेला असायचा. गाडीत किती घोड्यांची ताकद आहे, ती किती लवकर वेग घेते, काचा बटणावर कशा खाली जातात, हे सगळं त्यानं पाठ केलेलं असायचं. चुरीभाऊ ते ऐकतच नसत. त्यांचा डोळा सुपारीवर. रेल्वे फाटकातल्या रुळांवर गाडी चढली की सुपारी थरथरायची, डुलायची, आणि पलीकडे उतरेपर्यंत पडली तर गाडी नापास. मग टायवाल्यानं कितीही जीव तोडून सांगितलं तरी उपयोग नसे. चुरीभाऊ वाकून सुपारी उचलायचे, शर्टाला पुसून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "खोटं कशाला बोलू? तुमची गाडी आमच्या टेम्पोची धाकटी बहीण हाय."

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. देशाची दारं उघडली होती आणि त्या दारांतून आधी काय आत आलं असेल तर गाड्या. बोईसरच्या कारखानदारांच्या अंगावर तेव्हा नवा पैसा पुरळासारखा उठला होता. त्यांना गाड्या दाखवायला मुंबईचे टायवाले तारापूरपर्यंत यायचे आणि परतीच्या वाटेवर पालघरला चुरीभाऊंच्या हाती सापडायचे. या माणसाच्या अंगावर लेंगा, डोक्यावर काळी टोपी आणि पायांत रबरी चपला. पण बोलणं असं ठाम, की टायवाल्याला वाटायचं, जुना जमीनदार असावा. तो चावी पुढे करायचा.

मी त्यांचा शेजारी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. कितीही हात धुतले तरी माझ्या नखांत कधी निळा, कधी पिवळा रंग राहायचा. त्यावरून चुरीभाऊ मला 'रंगवाले' म्हणत. नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. सकाळी भिंतीवरून माझी नखं बघून ते आमच्या कारखान्यात काल काय शिजलं ते सांगायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं.

त्यांना हवी होती ती गाडी अगदी बड्या शेठची नव्हे, आणि डॉक्टर-वकिलांचीही नव्हे. तेव्हा मधलीच एक जात निघाली होती. खालून बघितलं तर श्रीमंत, वरून बघितलं तर गरीब. बसायला मऊ, पळायला चपळ, आणि तरी म्हणे रोज वापरता येईल अशी. चुरीभाऊ त्यांना 'पहिल्या पायरीच्या गाड्या' म्हणायचे. कंपन्यांची नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी देशांवरून नावं पाडली होती. जर्मनीण, जपानीण आणि कोरियावाली. जर्मनीण अंगानं भक्कम, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखी वाटायची, पण आमच्या बाजारपेठेत वळवायची तर दोन दुकानं पाडावी लागतील असं त्यांचं मत. कोरियावालीनं माहेराहून थंड हवा, गाणी, बटणं सगळं आणलेलं, पण तिचं पेट्रोल बघून त्यांना घाम फुटायचा. जपानीण गुणाची, आवाज नाही, कुरकुर नाही, पण जमिनीला इतकी लागून चालायची की एडवणच्या रस्त्यावर तिचं पोट सोलून निघेल. एका गाडीत तर टोपी छताला लागली. टायवाला म्हणाला, काका, टोपी काढून बसा. चुरीभाऊ म्हणाले, टोपी काढून बसायचं तर देवळात बसेन, तिथं पेट्रोल लागत नाय.

एडवणला त्यांची पानवेलींची वाडी होती. रोज पालघरहून एडवण आणि परत, हा त्यांचा रस्ता. त्यामुळे डिकीत पानांचा करंडा उभा राहिला पाहिजे ही दुसरी परीक्षा. ते खरोखर करंडा घेऊन यायचे. नव्या कोऱ्या गाडीच्या डिकीत ओला बांबूचा करंडा चढताना पाहून टायवाल्याचा चेहरा असा व्हायचा की मी कारखान्याची बस चुकवून तो बघत उभा राहायचो.

आता त्यांच्या 'खोटं कशाला बोलू'बद्दल सांगायला हवं, कारण या माणसाचं सगळं वाटोळं त्या तीन शब्दांनी केलं. पानांच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. करंड्याच्या वरच्या थरात चांगली पानं लावायची आणि खाली डागाळलेली दडपायची. चुरीभाऊंच्या करंड्यात वर जे पान तेच तळाला. उत्तरेकडचे व्यापारी त्यांचा करंडा न उघडता उचलायचे. हा गुण धंद्यात शोभला. तो त्यांनी घरीदारी वापरला, तिथे नाही शोभला. लग्नाच्या पंगतीत यजमान वाढायला आला की हे म्हणणार, खोटं कशाला बोलू, वरणात पाणी जास्त हाय. माझ्या घराच्या वास्तुशांतीला सगळ्यांनी घराचं कौतुक केलं. यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला आणि ही भिंत गळणार म्हणून सांगितलं. पुढच्याच पावसाळ्यात ती गळली. मला त्याचा राग अजून आहे.

गल्लीतल्या एका मुलीचं जमलेलं लग्न यांच्यामुळे मोडलं. मुलाकडच्यांनी चौकशी केली, मुलीचा स्वभाव कसा आहे. यांनी सांगितलं, मुलगी सोन्यासारखी, पण आईचा स्वभाव तापट हाय आणि ती मुलीच्या संसारात नाक खुपसणार. एकदा गावात सभा भरली. विहिरींचं पाणी खारं झालं, वेली जळायला लागल्या, त्याला बोईसरचे कारखाने जबाबदार, असं सगळे तावातावानं बोलत होते. हे उठून म्हणाले, खाडीतली मासळी कारखान्यांनी मारली ते खरं, पण विहिरी आपल्याच बोअरिंगनी खाऱ्या केल्या, ज्यानं त्यानं आपल्या वाडीत भोकं पाडली. तेव्हापासून गावानं त्यांना सभेला बोलावणं बंद केलं. आमच्या मॅनेजरला हे कळलं तेव्हा तो खूश झाला आणि असं लिहून द्याल का म्हणून विचारायला आला. त्याला यांनी मासळीचा पहिला भाग इतक्या सविस्तर ऐकवला की तो चहा अर्धा टाकून गेला. खरं बोलणाऱ्याचं आपल्याकडे असंच होतं. त्याला दोन्ही बाजू घराबाहेर काढतात आणि वर म्हणतात, माणूस विक्षिप्त आहे.

या माणसाला बायको गेल्यावर घरात कोणी उरलं नव्हतं. एकुलता एक मुलगा सुहास बायकोसह अमेरिकेत, इंजिनियर. त्याचा फोन दर रविवारी सकाळी यायचा, तो माझ्या घरी. कारखान्यात काही बिनसलं तर मला बोलावता यावं म्हणून कंपनीनं फोन दिलेला होता. मी चुरीभाऊंना कितीदा म्हटलं, तुम्हीही फोन घ्या, आता पूर्वीसारखी वाट बघावी लागत नाही. ते नको म्हणायचे. एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "घरात फोन असला की तो वाजत नाय, ते रोज कळतं. तुमच्याकडे फक्त रविवारीच कळतं." मी बायकोला चहा टाकायला सांगितला.

बापलेकांचं पहिल्यापासून असं नव्हतं. सुहास लहान असताना पानांच्या टेम्पोत बापाच्या शेजारी बसून एडवणला जायचा आणि गिअर आपण टाकायचा. त्यांच्यात दुरावा आला तो चुरीवहिनींच्या आजारपणात. वहिनी शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा अमेरिकेचा फोन मीच लावून दिला. चुरीभाऊंनी रिसीव्हर धरला आणि डॉक्टर बोलला होता ते जसंच्या तसं मुलाला सांगितलं. खोटं कशाला बोलू, उद्याचा दिवस ती काढणार नाय, तू कितीबी धावलास तरी पोचणार नाय. बाप खोटं बोलत नाही हे त्या मुलाला जन्मापासून माहीत. त्यानं विश्वास ठेवला आणि तो निघाला नाही. आणि ती बाई पुढे कितीतरी दिवस जगली. रोज दाराकडे बघत विचारायची, निघाला का? डॉक्टर चुकला होता. चुरीभाऊंनी मात्र मला पुन्हा फोन लावायला सांगितलं नाही. आज ये म्हणावं आणि उद्या ती जाईल, पोराला कशाला लटकवायचं, हा त्यांचा विचार.

सुहास आला तो अस्थी विसर्जनाला. अस्थी त्याच्यासाठी ठेवल्या होत्या. माझ्या ओटीवर बसून, माझ्यासमोर, तो बापाला हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आयुष्यात एकदा तरी खोटं बोलायचं होतंत. 'बरी आहे, ये' एवढंच. मी निघालो असतो." चुरीभाऊ उठले आणि त्यांनी अस्थींचा कलश उचलला.

अस्थी घेऊन ते दोघं टेम्पोनं एडवणच्या समुद्रावर गेले. टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे गेलेले, रस्ता तसा. परत आल्यावर सुहास कंबर धरून उतरला आणि सहज म्हणाला, "बाबा, एक धड गाडी घ्या. मी आलो की मला रोज वापरता येईल अशी. पैसे मी पाठवतो, ठरवा तुम्ही." त्या सबंध मुक्कामात त्यानं बापाशी न रागावता बोललेलं हे एवढंच. गाडीचं वेड चुरीभाऊंच्या डोक्यात शिरलं ते तिथून.

त्यानंतरचे रविवार मला पाठ आहेत. आधी फोन यायचा तो दोन मिनिटांचा. तब्येत कशी, बरी. पाऊस, हाय. वाडी, चाललीय. मग लांब शांतता, आणि त्या शांततेचेही पैसे तिकडे मोजले जात असणार. पण चुरीभाऊंनी पहिल्यांदा जर्मनीण बघितली आणि फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून प्रश्न सुरू झाले. कशी वळते, ब्रेक कसे आहेत, मागे बसून गुडघे लागतात का. चुरीभाऊ सुपारीचा निकाल सांगायचे. मुलगा हसायचा, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं. जपानीणीचं पोट घासतं म्हटल्यावर मुलगा तिकडे कसलीशी माहिती काढून पुढच्या रविवारी सांगायचा. मग चुरीभाऊ पुन्हा गाडी मागवायचे, पुन्हा सुपारी, पुन्हा फाटक. टायवाले बदलले, काही नोकरी सोडून गेले, गाड्यांची नवी मॉडेलं आली. चुरीभाऊंचं काही ठरत नव्हतं.

गल्लीत सगळे हसायचे. मीही हसायचो. म्हाताऱ्याला खूळ लागलंय, घ्यायची नाही आणि फुकटचे फेरफटके मारतोय. मला तर वाटायचं की ते मुलाच्या येण्याची वाट बघत आहेत, आणि मला त्यांची कीव यायची. कारण सुहास येणार नव्हता. त्यानं तिकडे घर घेतलं होतं. एका रविवारी चुरीभाऊ यायच्या आधीच फोन वाजला आणि मी उचलला, तेव्हा बोलण्याच्या ओघात त्यानंच मला सांगितलं. बाबांना कसं सांगू कळत नाही म्हणाला. शिकलेल्या मुलांना सगळं कळतं, एवढंच कळत नाही. आईबापांनी शिकवून मोठं करायचं, आणि वाईट बातमी सांगायची वेळ आली की शेजाऱ्याला पुढे करायचं, हा या पिढीचा नवा रिवाज.

दुसऱ्याचा मुलगा आहे म्हणून मी हे बोलतो असं नाही. माझा मुलगा परदेशात नाही. तो माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहतो. कानाला वॉकमन लावून येतो आणि कानाला वॉकमन लावून जातो. आमचं बोलणं 'जेवायला ये' आणि 'आलो' एवढंच.

मी चुरीभाऊंना घराची बातमी सांगायचं ठरवलं. भिंतीपाशी उभा राहून बरीच प्रस्तावना केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, ते आमाला सूनबाईनं कवाच सांगितलंय, तिच्या पोटात काय राहत नाय. मग एवढ्या गाड्या कशाला बघता, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ते तोंडावरच राहिलं, कारण ते करंडा धुवायला निघून गेले.

पुढं सुहासनंच विषय संपवला. एका रविवारी म्हणाला, बाबा, किती वर्षं बघताय, आता पुरे, जपानीणच घ्या, पैसे पाठवले आहेत. चांगल्या मनानं म्हणाला असेल. बापाला टेम्पोचे धक्के किती दिवस खायला लावायचे, असंच त्याच्या मनात असणार. चुरीभाऊ रिसीव्हर ठेवून बराच वेळ खुर्चीवर बसून होते. चहा घेतला नाही. माझी बायको म्हणाली, गाडी येणार म्हटल्यावर माणसाचा चेहरा असा होतो का?

गाडी आली. पांढरी. गल्लीनं पेढे मागितले, यांनी दिले. सुपारी डॅशबोर्डवरून फाटकात पडली नाही, हे मी स्वतः शेजारी बसून पाहिलं. पोटसुद्धा घासलं नाही. टोपी छताला लागत नव्हती, करंडा डिकीत उभा राहत होता. इतकी निर्दोष गाडी मी पाहिली नाही. आणि रविवारी फोन आला तेव्हा मुलानं विचारलं, गाडी कशी आहे. हे म्हणाले, चांगली हाय. मग? मग काही नाही. तब्येत बरी, पाऊस नाय, वाडी चाललीय. दोन मिनिटं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. चुरीभाऊ दुपारपर्यंत आमच्याकडे बसून राहिले आणि वर्तमानपत्र उलटं-पालटं करत राहिले. मग ते घरी गेले आणि मी त्या चांगल्या गाडीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

अशाच एका सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली आणि गाडीतून आवाज येतो म्हणून सांगितलं. मागच्या डाव्या चाकातून, टक टक. हळू असताना येतो, जोरात गेलं की बंद. त्या रविवारी सुहासचा फोन आला तेव्हा त्यांनी हेच सांगितलं, आणि तिकडे इंजिनियर जागा झाला. कुठल्या वेगाला बंद होतो? वळताना येतो का? ब्रेक दाबला तर? चुरीभाऊ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट देत होते, आणि जे माहीत नव्हतं ते बघून सांगतो म्हणत होते. अर्धा तास. पुढच्या रविवारी पुन्हा अर्धा तास. मुलानं तिकडे कोणाकोणाला विचारलं, पुस्तकं बघितली. त्याची बायकोही फोनवर येऊन म्हणाली की यांना दुसरं काही सुचत नाही. चुरीभाऊंच्या अंगावर त्या दिवसांत मांस चढलं असं माझी बायको म्हणायची.

शेवटी माझाच धीर सुटला. केमिस्टला कारण शोधायची खोड असते. चुरीभाऊ नको नको म्हणत असताना मी त्यांना गाडीसकट बोईसरला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेलं. मेकॅनिकनं चाक फिरवलं, कान लावला, स्क्रू-ड्रायव्हरनं चाकावरची प्लॅस्टिकची झाकण-थाळी उचकटली, आणि आतून एक सुपारी टुणकन जमिनीवर पडली. फाटक्या शर्टाचा तो माणूस पोट धरून हसला. "चाचा, यह किसने डाला?"

चुरीभाऊंनी वाकून सुपारी उचलली. शर्टाला पुसली. खिशात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही परत निघालो. चाकातून आवाज येत नव्हता, त्यामुळे गाडीत फारच शांत वाटत होतं. पालघरचं फाटक बंद होतं. गाडी थांबली तेव्हा ते स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत बोलले. "आवाज येतो असं खोटं सांगता आलं नसतं मला. म्हणून आवाज केला."

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

"पोरानं घर घेतलं म्हणून राग नाय. तो यायचा नाय, ते त्याच्या आईला जाळून आलो तवाच कळलं होतं. पण रंगवाले, बापाशी त्यानं कशावर बोलायचं? तब्येत एका शब्दात होते. पाऊस एका शब्दात होतो. आईचं नाव काढायचं नाय, ते आमच्यात ठरलंय. गाडीवर तो बोलतो. गाडीवर बोलताना त्याचा आवाज टेम्पोत बसायचा तसा येतो."

आता रविवारी काय सांगणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय सांगणार, खोटं कशाला बोलू, आवाज गेला. एकदा पकडली गेलेली गोष्ट पुन्हा करणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी मनाशी काहीतरी तडजोड केली होती, ती आता माझ्या त्या कारण शोधायच्या खोडीनं मोडून ठेवली होती. फाटक उघडलं. रुळांवरून गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली, आणि मला ती गाडी, तो मेकॅनिक, अमेरिका आणि फोनचा शोध लावणारा, सगळ्यांचा राग आला.

रविवारी उजाडताना मी उठलो. बायकोच्या पूजेच्या डब्यातली एक सुपारी घेतली, स्वयंपाकघरातला बोथट स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि अंगणातून पलीकडे गेलो. थाळी उचकटणं मेकॅनिकच्या हातात सोपं दिसलं होतं, माझ्या हातात नाही. दोनदा स्क्रू-ड्रायव्हर निसटला, बोटाला लागला, ग्रीस सगळ्या हाताला माखलं. या वयात, शेजाऱ्याच्या गाडीपाशी उकिडवं बसून मी हे काय करतोय, असं मला वाटत होतं. शेवटी थाळी बसली. हात घासून घासून धुतले आणि पेपर घेऊन खुर्चीवर बसलो.

थोड्या वेळानं चुरीभाऊ मासळी आणायला गाडी घेऊन गेले. परत आले ते सरळ आमच्याकडे. फोनच्या खुर्चीवर बसले. पापलेटची पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली, असं ते कधी करत नसत. मग माझ्या हातांकडे बघितलं.

"आज नखं काळी हायत," ते म्हणाले. "कारखान्यात काळा रंग कवापासून शिजवता?"

मी पेपर वर केला. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर उचलला, घसा साफ केला, आणि मी त्यांचा आवाज इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

"अरे सुहास, चाकातला आवाज गेला होता. आज परत आला. आन मी काय केलेलं नाय हां, खोटं कशाला बोलू?"

पलीकडे प्रश्न सुरू झाले. वेग किती, वळताना येतो का, कुठल्या बाजूला. चुरीभाऊ खुर्चीत रेलून उत्तरं देऊ लागले. माझी बायको मासळी घेऊन आत गेली आणि पूजेच्या डब्यातली सुपारी कुठे गेली म्हणून ओरडायला लागली. मी उठलो आणि पलीकडच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दार लोटलेलं होतं. आत माझा मुलगा कानाला वॉकमन लावून पडला होता. त्याला हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि काय विचारायचं ते मला सुचलं नाही. मी "जेवायला ये" म्हणालो. तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.